गुडघ्याची फाटलेली गादी : टाके घालून काय साधते आणि नवी गादी उगवते का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, कारण त्यात दोन वेगळे रुग्ण आहेत आणि दोघांची उत्तरे एकमेकांच्या जवळजवळ उलट आहेत. तुमचा भाऊ २३ वर्षांचा, कबड्डीपटू. तीन आठवड्यांपूर्वी सरावात चढाई करून मागे वळताना त्याचा पाय मॅटवर रुतला, गुडघा पिळला गेला, आतून ‘कट्’ असा आवाज आला आणि तेव्हापासून गुडघा पूर्ण सरळ होत नाही. एमआरआयच्या अहवालात आतल्या बाजूच्या मेनिस्कसची, म्हणजे आपण ज्याला गुडघ्याची गादी म्हणतो तिची, ‘बकेट हँडल’ प्रकारची फाट आणि एसीएल लिगामेंट, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारा आतला बंध, पूर्ण तुटल्याची नोंद आहे. एका सर्जननी गादीला टाके घालून लिगामेंटही नवीन करू असे सांगितले. दुसऱ्यांनी फाटलेला तुकडा काढून टाकू, लिगामेंटचे नंतर पाहू, दीड-दोन महिन्यांत मॅटवर जाता येईल असे सांगितले. तुमच्या आई ५६ वर्षांच्या आहेत, जिना उतरताना त्यांचा गुडघा दुखतो, त्यांच्या अहवालात गादीच्या मागच्या भागात ‘ग्रेड २ सिग्नल’ लिहिले आहे आणि एका दवाखान्यात त्यांना स्टेम सेलच्या, म्हणजे इतर पेशी तयार करू शकणाऱ्या मूळ पेशींच्या, इंजेक्शनने गादी नव्याने तयार होईल असे सांगून पैसे भरायला सांगितले आहे. गादी खरोखर पुन्हा भरून येते का, असे तुम्ही विचारले आहे.

गेली २४ वर्षे पुण्यात मी गुडघ्याच्या दुर्बिणीतून होणाऱ्या शस्त्रक्रिया करतो आहे. त्या अनुभवावरून आणि उपलब्ध पुराव्यावरून सांगतो : गादीचा काही भाग योग्य जागी धरून ठेवला तर खरोखर जुळून येतो, काही भाग कितीही धरून ठेवला तरी सहसा जुळत नाही, आणि गमावलेली गादी नव्याने उगवून देणारा सिद्ध उपाय आज जगात कुठेही रोजच्या वापरात नाही. म्हणून आहे ती गादी वाचवणे याला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो. तुमच्या भावाच्या बाबतीत वाचवणे म्हणजे टाके घालणे, आणि तुमच्या आईंच्या बाबतीत बहुधा तिला हात न लावणे.

असे का, हे कळण्यासाठी गादीची रचना पाहावी लागेल. मांडीचे हाड खाली गोलसर असते आणि नडगीचे हाड वरून जवळजवळ सपाट. गोल आणि सपाट यांच्यामधली पोकळी भरून काढणाऱ्या, अर्धचंद्राच्या आकाराच्या दोन चिवट पाचरी म्हणजे आतली आणि बाहेरची गादी. तिच्यात जवळजवळ पाऊण भाग पाणी असते, आणि उरलेल्यात मुख्यतः कोलॅजन या चिवट प्रथिनाचे धागे. हे धागे बहुतांशी कडेने, वर्तुळाकार धावतात आणि त्यांची दोन्ही टोके नडगीच्या हाडात घट्ट रोवलेली असतात. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवतात ती ज्या कामासाठी, त्याच कामासाठी हे धागे आहेत. वजन पडले की पाचर बाहेर पसरू पाहते, धागे तिला आवळून धरतात, आणि वरून आलेला भार हाडाच्या एका बिंदूवर न पडता पसरून पडतो. पाय सरळ असताना गुडघ्यावरचा साधारण निम्मा भार आणि काटकोनात वाकलेला असताना सुमारे ८५ टक्के भार या दोन गाद्यांमधून जातो. शिवाय गुडघा वाकताना त्या जागच्या जागी राहत नाहीत. बाहेरची गादी सुमारे ११ मिलिमीटर आणि आतली सुमारे ५ मिलिमीटर मागे सरकते. आतली कमी सरकते, म्हणून पिळवटताना तीच जास्त वेळा सापडते.

आता रक्तपुरवठा, ज्यावर भरून येण्याचा सगळा हिशेब अवलंबून आहे. जन्मतः जवळजवळ संपूर्ण गादीत रक्तवाहिन्या असतात. वय वाढते, मूल चालू-धावू लागते, तशा त्या कडेकडे मागे हटतात आणि साधारण दहाव्या वर्षापर्यंत मोठ्या माणसासारखी स्थिती येते. १९८२ मध्ये आर्नोत्स्की आणि वॉरेन यांनी प्रौढांच्या गुडघ्यांतील रक्तवाहिन्या रंगवून दाखवले की आतल्या गादीच्या फक्त बाहेरच्या १० ते ३० टक्के भागापर्यंत आणि बाहेरच्या गादीच्या १० ते २५ टक्के भागापर्यंतच रक्त पोहोचते. उरलेला भाग सांध्यातल्या द्रवातून झिरपेल तेवढ्या पोषणावर जगतो. खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी हवेलीत पोहोचते तसे इंदापूरच्या टोकाला पोहोचत नाही, हे पुणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. गादीचेही तसेच आहे. कडेच्या भागाला आम्ही लाल पट्टा म्हणतो, आतल्या धारदार काठाला पांढरा पट्टा, आणि मधल्याला लाल-पांढरा. लाल पट्ट्यातील उभी फाट टाक्यांनी चांगली जुळते, मधल्या पट्ट्यातील बऱ्याच वेळा जुळते, आणि पांढऱ्या पट्ट्यातील आपल्या आपण जुळत नाही. हे तत्त्व नवे नाही. १९३६ मध्येच किंग यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखवले होते की फाट कडेच्या रक्तवाहिन्या असलेल्या भागापर्यंत पोहोचली असेल तरच ती भरून येते.

तरीही वैद्यकाला गादीची किंमत उशिरा कळली. १८८३ मध्ये एडिंबरात टॉमस अ‍ॅनंडेल यांनी एका खाणकामगाराची सुटलेली गादी उघड्या शस्त्रक्रियेने टाके घालून बसवली होती. पण पुढे १८९७ मध्ये ब्लँड-सटन यांनी गादी म्हणजे पायाच्या एका स्नायूचा निकामी उरलेला भाग असे लिहिले आणि तो समज फार काळ टिकला. निकामी म्हटल्यावर काढून टाकण्यात कुणाला काही वाटेना. १९४८ मध्ये फेअरबँक यांनी गादी काढलेल्या गुडघ्यांच्या एक्स-रेमध्ये सांध्याची फट अरुंद होणे आणि हाडाला कंगोरा येणे असे बदल दाखवले, तेव्हा शंका सुरू झाली. दुर्बीण आल्यावर १९६२ मध्ये टोकियोत वातानाबे यांनी दुर्बिणीतून गादीचा फक्त फाटलेला भाग काढला आणि १९६९ मध्ये त्याच शहरात इकेउची यांनी दुर्बिणीतून टाके घातले. म्हणजे टाक्यांचे तंत्र पन्नासहून अधिक वर्षे आपल्या हातात आहे.

मी शिकत होतो तेव्हा आणि त्यानंतरची काही वर्षे आम्ही तरुणांच्याही गाद्या सढळ हाताने कापल्या, हे मला इथे स्पष्ट लिहायला हवे. रुग्ण दुसऱ्या दिवशी चालत घरी जात असे, महिन्याभरात कामावर जात असे, आणि सगळे समाधानी असत. त्यांपैकी काही जण बारा-पंधरा वर्षांनी पुन्हा माझ्यासमोर येऊन बसले आहेत. एक मल्लखांबपटू, ज्याची बाहेरची गादी मी त्याच्या विसाव्या वर्षी जवळजवळ संपूर्ण काढली होती, छत्तिसाव्या वर्षी पर्वतीच्या पायऱ्याही चढू शकत नव्हता. त्याची फाट आज माझ्यासमोर आली असती तर मी टाके घातले असते. बाहेरच्या गादीबद्दल मी विशेष आग्रही आहे ते यामुळेच. बाहेरच्या कप्प्यातील नडगीचे हाड सपाट नसून किंचित फुगीर असते, त्यामुळे गादी गेली की फुगिरावर फुगीर टेकतो आणि कूर्चा, म्हणजे हाडावरचे गुळगुळीत आवरण, फार झपाट्याने झिजते.

आता तुमच्या भावाकडे येतो. बकेट हँडल फाट म्हणजे गादी कडेला समांतर, लांबवर उभी फाटते आणि आतला पट्टा बादलीच्या कडीसारखा उचलला जाऊन सांध्याच्या मध्यभागी येऊन अडकतो. गुडघा सरळ होत नाही तो वेदनेमुळे नव्हे, आत पाचर बसली आहे म्हणून. अशा अडकलेल्या गुडघ्याला जोर लावून सरळ करायला कुणालाही, अगदी मसाज करणाऱ्या अनुभवी वस्तादांनाही, हात लावू देऊ नका. प्रत्येक दिवस तो पट्टा दोन हाडांमध्ये चेपला जातो, त्याचा आकार बिघडतो, धागे सुटतात, आणि आज टाके घालण्याजोगी असलेली गादी दोन-तीन महिन्यांनी कापण्याखेरीज इलाज नाही अशी होऊ शकते. तीन आठवडे झाले आहेत, वेळ अजून हातातून गेलेली नाही, पण स्पर्धेचा हंगाम संपू दे मग बघू असे म्हणण्याइतकी सवड नाही.

ही फाट बहुधा कडेजवळ, लाल किंवा लाल-पांढऱ्या पट्ट्यात असते, वय कमी आहे, आणि लिगामेंटही त्याच वेळी नवीन करायचे आहे. या तिन्ही गोष्टी टाक्यांच्या बाजूच्या आहेत. तिसरी गोष्ट अनेकांना चमत्कारिक वाटते, पण लिगामेंटची शस्त्रक्रिया सोबत झालेल्या रुग्णांत गादीचे टाके जास्त चांगले जुळतात. त्याचे एक कारण असे की हाडात बोगदे पाडताना अस्थिमज्जेतले रक्त आणि पेशी सांध्यात येतात व फाटेवर बसतात. दुसरे असे की लिगामेंट नीट झाल्याशिवाय गुडघा प्रत्येक वळणाला सरकत राहतो आणि टाके ताणले जातात. त्यामुळे ‘आता तुकडा काढू, लिगामेंटचे नंतर पाहू’ हा सल्ला मला पटत नाही. लिगामेंट नसलेल्या आणि गादीही कमी झालेल्या गुडघ्याने कबड्डीत पुन्हा उतरणे म्हणजे उरलेली गादी आणि कूर्चा दोन्ही पणाला लावणे आहे.

टाके घालण्यात खरी मेहनत टाक्याआधीची असते. अडकलेला पट्टा प्रथम जागेवर सरकवून बसवतात, मग फाटेच्या दोन्ही कडा बारीक कानशीने खरवडून ताज्या करतात, कारण गुळगुळीत झालेल्या कडा एकमेकींना धरत नाहीत. त्यानंतर दर पाच-सात मिलिमीटरवर टाका, शक्यतो उभा, कारण उभा टाका वर्तुळाकार धाग्यांच्या जुडीला कवेत घेतो आणि आडवा टाका त्यांच्यामधून निसटू शकतो. मोठ्या फाटेला पाच-सहा किंवा अधिक टाकेही लागतात. आतून बाहेर सुया काढून गुडघ्याच्या बाजूला छोटी चीर घेऊन गाठ मारण्याची पद्धत जुनी आणि भरवशाची आहे. आतल्या आत टाका घालणारी तयार साधने सोयीची आहेत, पण महाग. मागच्या भागात दुसरी पद्धत, मधल्या भागात पहिली, असे मी बहुधा करतो. आतल्या बाजूला चीर घेतली तर सॅफेनस नावाची नस जवळ असते आणि नडगीच्या आतल्या बाजूला बधिरपणा राहू शकतो, हे रुग्णाला आधीच सांगायला हवे. एसीएल तुटलेल्या गुडघ्यात आतल्या गादीची मागची कड सांध्याभोवतीच्या आवरणापासून सुटलेली असण्याची शक्यता असते. ती पुढून पाहताना लपून राहते, म्हणून दुर्बीण मागच्या कप्प्यात नेऊन मुद्दाम पाहावी लागते. तुमच्या सर्जनना हे विचारलेत तर त्यांना राग येणार नाही, उलट बरे वाटेल.

यशाची खात्री शंभर टक्के नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित आढाव्यात पाच वर्षांहून अधिक पाठपुरावा असलेल्या अभ्यासांमध्ये टाके अयशस्वी होण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्के होते. म्हणजे चार-पाच जणांत एकाला पुढे पुन्हा दुर्बीण लागू शकते. दुसरे सर्जन कदाचित याच कारणाने काढून टाका म्हणत असतील आणि तो त्यांचा विचार अप्रामाणिक आहे असे मी म्हणणार नाही. पण टाके अयशस्वी झाले तर तुकडा तेव्हाही काढता येतो. आज काढलेला तुकडा नंतर परत लावता येत नाही.

शस्त्रक्रियेनंतरची शिस्त फाटेच्या प्रकारावर ठरते, आणि इथे सरसकट छापील कागद देणाऱ्यांच्या हातून चुका होतात. उभ्या फाटेत, पाय ब्रेसमध्ये सरळ ठेवून वजन टाकले तर भाराने दोन्ही कडा एकमेकींवर दाबल्या जातात, त्यामुळे अशा रुग्णाला कुबड्यांच्या आधाराने लवकर पाय टेकवू देता येतो. पण फाट आतल्या काठापासून कडेकडे आडवी गेलेली असेल किंवा गादीचे मूळच सुटलेले असेल, तर तोच भार कडांना दूर ओढतो, आणि सहा आठवडे वजन टाकायचे नाही हा नियम कसोशीने पाळावा लागतो. भावाला पहिले चार ते सहा आठवडे गुडघा ९० अंशांपलीकडे वाकवता येणार नाही. मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे, भारतीय पद्धतीचे शौचालय हे किमान चार महिने बंद. त्याची घरात आधीच सोय करा. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम पहिल्या दिवसापासून. लिगामेंट सोबत असल्याने मॅटवर परत जायला किमान नऊ महिने धरा, आणि तेही दोन्ही पायांची ताकद व एका पायावरची उडी मोजून, दिनदर्शिका पाहून नव्हे. तेवीस वर्षांच्या खेळाडूला नऊ महिने म्हणजे काय हे मी रोज त्यांच्या चेहऱ्यावर पाहतो. तरीही सांगतो, कारण त्याला पन्नाशीतही हा गुडघा लागणार आहे.

आईंबद्दल लिहिण्याआधी एका वेगळ्या फाटेविषयी सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडे पंचेचाळीस ते साठ या वयाच्या स्त्रियांमध्ये ती वारंवार दिसते आणि ‘संधिवात आहे, वय झाले’ म्हणून दुर्लक्षित राहते. गादीचे मागचे टोक ज्या ठिकाणी हाडात रोवलेले असते ते मूळच सुटते. या रुग्णांना एक प्रसंग नेमका आठवतो : देवघरासमोरून किंवा भाजी निवडून उठताना, नाहीतर एक पायरी उतरताना गुडघ्याच्या मागे काहीतरी तुटल्यासारखे झाले आणि त्या दिवसापासून चालणे कठीण झाले. चाकाची धाव एका ठिकाणी तुटली तर बाकीची कितीही धड असली तरी ती चाकाला आवळू शकत नाही. २००८ मधील एका प्रयोगशाळेतील अभ्यासात असे दिसले की आतल्या गादीचे मागचे मूळ सुटले की सांध्यावरील सर्वाधिक दाब सुमारे २५ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे संपूर्ण गादी काढल्याइतकाच, आणि मूळ पुन्हा जोडले की तो पूर्ववत होतो. एमआरआयमध्ये गादी कडेबाहेर ३ मिलिमीटरहून अधिक सरकलेली दिसते. कूर्चा चांगली असेल आणि पाय फार वाकडा नसेल तर नडगीच्या हाडातून बोगदा काढून टाक्याने हे मूळ परत ओढून बसवता येते. तुमच्या आईंना असा प्रसंग आठवतो का, हे त्यांना शांतपणे विचारा. आठवत असेल तर पुढचा परिच्छेद त्यांना लागू नाही आणि त्यांना लवकर दाखवा.

आठवत नसेल, तर ‘ग्रेड २ सिग्नल’ या शब्दांनी घाबरू नका. ग्रेड १ आणि ग्रेड २ म्हणजे गादीच्या आत झालेला बदल. तो पृष्ठभागापर्यंत पोहोचलेला नसतो, दुर्बिणीतून पाहिले तर तिथे फाट दिसतही नाही. ग्रेड ३ म्हणजे पृष्ठभागापर्यंत पोहोचलेली खरी फाट. आणि ग्रेड ३ असली तरी या वयात तिचा दुखण्याशी संबंध असेलच असे नाही. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावातील ५० ते ९० वयाच्या ९९१ जणांचे एमआरआय काढले असता (हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला) ज्यांच्या गाद्या फाटलेल्या दिसल्या त्यांच्यापैकी ६१ टक्के लोकांना मागच्या महिन्याभरात गुडघ्यात वेदना किंवा ताठरपणा काहीच नव्हते. गादी वयाबरोबर विरते, जुन्या सुती धोतराचा काठ विरतो तशी. विरलेल्या कापडाला टाका धरत नाही, आणि ते कापूनही दुखणे थांबत नाही. २०१३ मध्ये फिनलंडमधील डॉक्टरांनी झिजेमुळे फाटलेल्या गादीच्या ३५ ते ६५ वयाच्या १४६ रुग्णांपैकी निम्म्यांची गादी दुर्बिणीने कापली आणि उरलेल्यांना केवळ शस्त्रक्रियेचा देखावा केला. वर्षानंतर दोन्ही गटांना सारखेच बरे वाटत होते. २०१६ मध्ये नॉर्वेतील १४० रुग्णांच्या अभ्यासात १२ आठवड्यांचा देखरेखीखालचा व्यायाम आणि गादी कापणे यांत दोन वर्षांनी फरक दिसला नाही. उलट व्यायाम करणाऱ्यांच्या मांडीची ताकद सुरुवातीच्या महिन्यांत जास्त होती. २०१७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने नेमलेल्या आंतरराष्ट्रीय गटाने झिजलेल्या गुडघ्यात दुर्बिणीची शस्त्रक्रिया करू नये अशी ठाम शिफारस केली.

म्हणून आईंसाठी माझे सांगणे असे : उभे राहून वजन टाकलेल्या स्थितीत दोन्ही गुडघ्यांचा एक्स-रे काढा, कारण झोपून काढलेल्या चित्रात झीज लपते. चांगल्या फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली तीन महिने मांडी आणि कमरेच्या स्नायूंचे व्यायाम, खुर्चीतून हात न टेकता उठणे-बसणे, जागेवरची सायकल. वजन जास्त असेल तर कमी केलेला प्रत्येक किलो प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा जवळजवळ चार किलो भार उतरवतो. पूजा आणि स्वयंपाकातली बैठी कामे काही काळ पाटाऐवजी खुर्चीवर. तळजाईवर सपाट वाटेने चालणे चालू ठेवावे, टेकडीचा तीव्र उतार मात्र सध्या टाळावा. मांडी घालून बसणे कायमचे सोडा असे मी सर्वांना सांगत नाही. ताकद आली की बरेच जण थोडा वेळ विनात्रास बसू शकतात.

राहिला नव्या गादीचा प्रश्न. यात माझे मन गुंतलेले आहे, कारण ज्या तरुणांच्या गाद्या आधीच गेल्या आहेत त्यांना देण्यासारखे माझ्याजवळ फार थोडे आहे. जे आहे ते असे. रुग्णाच्याच रक्ताची गुठळी तयार करून फाटेत ठेवणे ही १९८० च्या दशकातील कल्पना आजही उपयोगी आहे. लिगामेंटची शस्त्रक्रिया नसेल तेव्हा सांध्याच्या खाचेत हाडाला छोटी भोके पाडून मज्जेतले रक्त फाटेपर्यंत आणणे हा तिचाच साधा प्रकार, आणि तो मी नेहमी करतो. त्याला वेगळा खर्चही लागत नाही. पीआरपीने, म्हणजे रुग्णाच्याच रक्तातील प्लेटलेट्स एकवटून केलेल्या द्रवाने, काही अभ्यासांत टाके अधिक जुळले, काहींत फरक पडला नाही. ते टाक्यांना जोड म्हणून वापरणे समजू शकतो, टाक्यांऐवजी नव्हे.

गादीचा मोठा भाग गेला असेल पण बाहेरची कड शाबूत असेल, तर तिथे सच्छिद्र जाळी टाके घालून बसवतात आणि रुग्णाच्या पेशी तिच्यात शिरून ऊती तयार करतात. यातली सर्वांत जुनी जाळी गोवंशाच्या टाचेमागील टेंडनमधील (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीतील) कोलॅजनपासून केलेली असते, आणि ती कशापासून बनते हे रुग्णाला शस्त्रक्रियेपूर्वीच सांगणे मी कर्तव्य समजतो. २००८ मधील ३११ रुग्णांच्या अभ्यासात आधी गादीची शस्त्रक्रिया झालेल्यांना तिचा फायदा दिसला, पहिल्यांदाच शस्त्रक्रिया होणाऱ्यांना दिसला नाही. संपूर्ण गादी गेलेल्या, दुखणाऱ्या, पण कूर्चा टिकून असलेल्या तरुण गुडघ्यात मृत दात्याची, नेमक्या मापाची गादी बसवता येते. असे पहिले प्रत्यारोपण १९८४ मध्ये म्युनिकमध्ये झाले. त्यासाठी रक्तगट जुळावा लागत नाही, माप जुळावे लागते. ते वेदना कमी करते आणि बऱ्याच जणांना दहा-एक वर्षे देते. झीज पुढे गेलेल्या गुडघ्यात मात्र त्याचा उपयोग नाही.

स्टेम सेलबद्दल जे ठाऊक आहे ते नेमके सांगतो. २०१४ मध्ये अमेरिकेत ५५ रुग्णांवर, गादीचा भाग काढल्यावर, दात्याच्या पेशींचे इंजेक्शन देऊन पाहिले. गादीचे आकारमान १५ टक्क्यांहून अधिक वाढलेले रुग्ण कमी मात्रेच्या गटात २४ टक्के होते, जास्त मात्रेच्या गटात ६ टक्के, आणि पेशी न दिलेल्या गटात एकही नव्हता. मात्रा वाढली की परिणाम कमी झाला, याचा अर्थ पेशी नेमके काय करतात हे आपल्याला अजून पुरते उमगलेले नाही. २०१७ मध्ये ब्रिस्टलच्या चमूने पांढऱ्या पट्ट्यातील फाटेत पेशी पेरलेली कोलॅजनची पट्टी बसवून पाच रुग्णांवर प्रयोग केला. दोन वर्षांनी तिघे बरे होते, दोघांची गादी शेवटी काढावी लागली. न्यूयॉर्कमधील कोलंबिया विद्यापीठात २०१४ मध्ये त्रिमितीय छपाईने तयार केलेल्या जाळीतून वाढीची प्रथिने सोडून मेंढ्यांच्या गुडघ्यात गादीसारखी ऊती वाढवली गेली. हे सगळे आशादायक आहे, आणि हे सगळे अजून संशोधनच आहे.

दवाखान्यात पोटाची चरबी किंवा कमरेच्या हाडातील मज्जा काढून त्याच दिवशी परत टोचतात, त्याला स्टेम सेल म्हणणे बरोबर नाही. मज्जेतील दर दहा हजार ते एक लाख पेशींमागे जेमतेम एक पेशी त्या प्रकारची असते. खऱ्या अर्थाने पेशी वाढवायच्या तर निर्जंतुक प्रयोगशाळा आणि काही आठवडे लागतात. गणेशखिंडीत राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र असलेल्या आपल्या शहरात तरी हे समजून घ्यायला हवे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांसाठीचे प्रत्यारोपण सोडल्यास स्टेम सेलचा इतर वापर हा संशोधनातच मोडतो. संशोधन असेल तर त्याची क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंद असते, नैतिकता समितीची परवानगी असते, आणि सहभागी रुग्णाकडून प्रायोगिक उपचाराचे पैसे घेतले जात नाहीत. त्या दवाखान्याला नोंदणीचा क्रमांक विचारा. तो न देता पैसे मागत असतील तर ते पैसे आईंच्या तीन महिन्यांच्या फिजिओथेरपीसाठी ठेवा.

भावाला याच आठवड्यात टाके घालण्याचा नियमित अनुभव असलेल्या सर्जनकडे न्या. जाताना केवळ अहवालाचा कागद नको, एमआरआयची सीडी बरोबर असू द्या, कारण फाट कडेपासून किती मिलिमीटरवर आहे हे अहवालात बहुधा लिहिलेले नसते, ते चित्रांवरच मोजावे लागते. संमतीपत्रावर ‘शक्य असल्यास टाके, अन्यथा कमीत कमी भाग काढणे’ असे शब्द लिहून घ्या, आणि टाक्यांच्या साधनांचा खर्च विम्यात बसतो का हे दाखल होण्याआधी विचारा. अनेकदा ऐन टेबलावर टाके घालायचे की कापायचे हा निर्णय त्या खर्चापाशी येऊन अडतो. तोवर त्याने कुबड्या वापराव्यात आणि गुडघा आपला आपण जेवढा सरळ होतो तेवढाच करावा.